दप्तरात उरलेली माणसं

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत न्यायालयाचं दप्तर १६३२ पासून सलग टिकून आहे. जमिनींची खरेदीखतं, मृत्युपत्रं, देण्याघेण्याचे वाद, सगळं तिथल्या क्लार्कांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरून ठेवलेलं. यादवी युद्धात इतर कित्येक काउंट्यांनी आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून राज्याच्या राजधानीत, रिचमंडला हलवले. एप्रिल १८६५ मध्ये ते शहर पेटलं आणि त्या कागदांची राख झाली.

या राज्यात १७९३ साली एक कायदा झाला. गुलाम नसलेल्या प्रत्येक कृष्णवर्णीय माणसाने क्लार्कपुढे जाऊन आपली नोंद करायची: नाव, वय, वर्ण, उंची, जन्माने मुक्त की कुणी मुक्त केलं. कपाळावरचा व्रण, हातावरचा भाजल्याचा डागही पुष्कळदा लिहिला जाई. काउंट्यांत दर तीन वर्षांनी नोंद नव्याने करायची. जवळ दाखला नसेल तर तुरुंगाची भीती. हेतू उघड होता: पाळत ठेवणं.

आणि जे गुलाम होते त्यांचं काय? १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या याद्यांत मालकाचं नाव, खाली नावाशिवाय वय, लिंग आणि वर्ण. दास्यातून सुटलेल्या लाखो माणसांची नावं जनगणनेत आली ती १८७० साली. त्यामागे जाऊ पाहणारे वंशज आज काउंटी क्लार्कच्या जुन्या वह्या उघडतात. कुठल्यातरी मृत्युपत्रात गाई-भांड्यांच्या यादीत, किमतीसकट, त्यांची खापरपणजी सापडते. नोंद अपमानाचीच; पण तिच्यात नाव असतं. त्या नावावरून आई कळते, भाऊ कळतो, विकून वेगळं केलेलं लेकरू कळतं.

लिहिणाऱ्याच्या मनात या माणसांबद्दल माया असेल, असं मानायचं कारण नाही. पण त्याने नाव लिहिलं, म्हणून आज त्या अन्यायाची साक्ष देता येते. जिथे नावच लिहिलं नाही, तिथे अन्याय झाल्याचं सांगायलाही कुणी उरत नाही.

आज आपल्याही हातून कुणाचं तरी नाव लिहिलं जाईल: हजेरीपटावर, केसपेपरवर, मजुरांच्या मस्टरवर. ‘चार बाया, दोन गडी’ एवढ्यावर भागवणं सोपं असतं. तरी नाव विचारावं, नीट ऐकून घ्यावं, पूर्ण लिहावं. उद्या त्यांची नातवंडं पुरावा मागायला आली, तर तो त्यांना मिळायला हवा.