राजाश्रय, तिकीट आणि गवई

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर परिसरात गाण्या-वाजवण्यावर पोट भरायचे तर गाव, दरबार आणि नाटक मंडळी हे तीनच मोठे आसरे होते. नेसरीसारख्या गावांत देवळातला गुरव आणि मिरवणुकीतला हलगीवाला धान्याच्या वाट्यावर जगत. त्यांच्यावाचून जत्रा होत नसे. पण त्यांना कलावंत म्हणण्याची रीतही नव्हती. दरबारी गवयाला वेतन आणि मान दोन्ही मिळे. मात्र ते एका माणसाच्या मर्जीवर असे.

ही मर्जी गुणग्राहक असली म्हणजे काय होते, ते गवई अल्लादियाखाँ यांच्या उदाहरणावरून कळते. आवाज बिघडल्यावर त्यांनी गायकी नव्याने बेतली होती. १८९५ मध्ये ते शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि जयपूर घराण्याची पेचदार गायकी कोल्हापुरात रुजली. १८८३ पासूनच्या देवल क्लब या संगीतसंस्थेमुळे शहरात जाणकार श्रोते होतेच. पण मे १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली.

राजाश्रयाबाहेर पडण्याची हिंमत कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आधीच केली होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, तेही लोकांच्या देणगीवर. गवई म्हणजे व्यसनी, ही समजूत मोडायची तर गवयाने शिक्षकासारखे राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी त्याला हरकत घेतली, तरी पलुस्करांनी गाणे पूर्ण केले. लोकाश्रयही बेभरवशाचाच निघाला: कर्जापायी त्यांनी पुढे मुंबईत काढलेल्या विद्यालयाची इमारत लिलावात गेली.

लोकाश्रयाची खरी ताकद दाखवली ती संगीत रंगभूमीने. केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे कोल्हापूरच्या गरीब मराठा घरातले. पोरवयातच नाटक कंपनीत शिरले आणि १९०८ मध्ये हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढून बसले. मामा वरेरकरांचे हुंड्यावरचे ‘हाच मुलाचा बाप’ याच मंडळीने रंगवले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले, त्याला पुढे केशवरावांचेच नाव मिळाले.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. नाटक टिळकांचे सहकारी कृ. प्र. खाडिलकर यांचे, चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्या. महाराजांना वेदोक्त विधींचा अधिकार नाकारला गेला, त्या वेदोक्त प्रकरणापासून टिळक आणि शाहू महाराज यांच्या अनुयायांत वाकडे आले होते. तरी महाराजांच्या लोभातला हा मराठा गायकनट टिळकांच्या नावच्या फंडासाठी उभा राहिला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रात्रीपुरते एकत्र आले, म्हणूनच लोकांनी चढ्या दराची तिकिटे घेतली. सभेतल्या भाषणाने जमला नसता असा निधी पदांनी जमवला. पुढारी गवयांना बोलावू लागले ते रसिकतेपोटी, तसेच या गर्दीपोटीही. केशवराव पुढच्या तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने गेले.

या साऱ्या प्रतिष्ठेत एक उघड अन्याय होता. स्त्रीभूमिकेसाठी शालू नेसलेल्या पुरुषाला समाज डोक्यावर घेत होता, आणि खऱ्या गायिकेला मात्र कलावंतीण म्हणून दूर ठेवत होता. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर अल्लादियाखाँकडे शिकल्या त्या अपार चिकाटीने. मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावलेल्या मैफली करून सभ्य घरांतल्या श्रोत्यांपुढे बसण्याचा हक्क मिळवला. सरकारी मान्यता त्याहून उशिरा आली: केसरबाईंना पद्मभूषण १९६९ मध्ये मिळाले, मोगूबाईंना १९७४ मध्ये.