जवानांना आदरांजली आणि आपला हेतू



१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ४० जवानांचे प्राण गेले. बुलढाणा जिल्ह्यातील संजय राजपूत व नितीन राठोड हे त्यांपैकी दोघे. त्या दिवसांत मुंबईच्या उपनगरांत लोक मेणबत्त्या घेऊन चौकांत उभे राहिले. अशी सभा आपल्या दिंडोशीत भरते, तेव्हा एक प्रश्न मनात येतो: आपण तेथे का जावे? न गेल्यास कोणी संशय घेईल म्हणून?

ही भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु कर्माचे मोल हेतूवर ठरते, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे. भीतीपोटी उभा राहणारा मनुष्य मृताचा सन्मान करीत नाही. तो स्वतःची साक्ष देत असतो.

एकदा प्रेषितांसमोरून एक अंत्ययात्रा गेली आणि ते उभे राहिले. मृत व्यक्ती यहुदी असल्याचे सोबत्यांनी सांगितले. तोही एक मानवी जीवच नव्हता का, असे प्रेषितांनी त्यांना विचारले. आपल्या उभे राहण्याचे कारण हेच असावे. त्या हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्या संघटनेने तर प्रेषितांचेच नाव धारण केले आहे. एका निरपराधाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, असे पवित्र कुरआनची सूरह अल-माइदा सांगते. म्हणून आपले दुःख दुहेरी आहे.

जवानांच्या स्मरणसभेत शांतीची मागणी करणे हा दुबळेपणा आहे काय? प्रेषितांनी शत्रूशी गाठ पडण्याची इच्छा धरू नये, अल्लाहकडे सुरक्षितता मागावी, असे शिकवले. आणि गाठ पडलीच तर खंबीर राहावे, असेही. जवान खंबीर राहिला. त्याचा साथीदार सुखरूप घरी परतावा, ही मागणी त्याच्या शौर्याला उणेपणा आणीत नाही.

परंतु शांतीबरोबर न्यायही हवा. पुलवामानंतरच्या आठवड्यात यवतमाळमध्ये काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्यांचा अपराध कोणता होता? एखाद्या समुदायाविषयीच्या वैरामुळे न्याय सोडू नका, ही आज्ञा याच सूरहमध्ये आहे. ती इतरांइतकीच आपल्यालाही लागू आहे.

तेव्हा अवश्य जा, मुलांचा हात धरून जा आणि घरी परतताना त्यांना आपल्या उभे राहण्याचे कारण सांगा. मेणबत्ती घटकाभरात विझते. त्या घरातील विधवा आणि अनाथ मुले मागे राहतात. त्यांची आठवण आपल्या दुआमध्ये आणि मदतीतही असू द्या.

अल्लाह आपले हेतू शुद्ध करो. आमीन.