धडधाकट बाईची सुट्टी

रत्नागिरीच्या मुलांना टिळकांची एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. डेक्कन कॉलेजात गेलेल्या या किडकिडीत तरुणाने पहिलं वर्ष पुस्तकांना न देता तालमीला आणि पोहण्याला दिलं. परीक्षा बुडाली, पण शरीर कमावलं आणि पुढे तुरुंगवासात तेच उपयोगी पडलं. गोष्ट खरी आहे, चांगलीही आहे. मात्र त्या वेळी टिळकांचं लग्न झालेलं होतं. दापोली तालुक्यातल्या लाडघरची मुलगी सत्यभामा होऊन घरात आली होती, आणि तिला असं एक वर्ष द्यावं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. यात टिळकांचा दोष काढायचा नाही, काळच तसा होता. आजच्या आळीत तरी सुनेला असं वर्ष सोडाच, रोजचा पाऊण तास मिळतो का, एवढंच विचारायचं आहे.

पहाटे भाट्याच्या पुळणीवर किंवा थिबा पॅलेसच्या रस्त्यावर चालणाऱ्या बायका आता दिसतात. साडीखाली कॅनव्हासचे बूट, हातात मोबाईल आणि किल्ली, आणि पाणी यायच्या आत घरी पोचायची घाई. पण त्यांच्याशी बोला. बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, आणि जवळपास प्रत्येकीला कुणीतरी डॉक्टरने बजावलेलं असतं: शुगर वाढलीय, चाला. गुडघे धरलेत, चाला. तिशीतली धडधाकट बाई त्यांत क्वचित. तिला काही झालेलं नाही, मग ती कशाच्या जोरावर घराबाहेर पडणार? आपल्याकडे बाईला स्वतःच्या शरीरासाठी वेळ मिळतो तो शरीर बिघडल्यावर. पुरुषाचा व्यायाम ही हौस म्हणून खपते, बाईच्या व्यायामाला मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते.

या धडधाकट बाईला व्यायामातून काय मिळतं, यावर बरंच काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात डेव्हिड निमन या संशोधकाने १९९३ मध्ये ६७ ते ८५ वर्षांच्या स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी बैठं आयुष्य काढलेल्या काही जणींना १२ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, रोज ३० ते ४० मिनिटं चालायला लावलं. काहींना नुसतेच हलके हातपायांचे प्रकार दिले. तिसरा गट वर्षानुवर्षं नियमित व्यायाम करणाऱ्यांचा होता. त्या काळात सर्दी-पडसं झालं ते हलके प्रकार करणाऱ्यांत ५० टक्क्यांना, चालणाऱ्यांत २१ टक्क्यांना आणि मुरलेल्या व्यायामपटूंत फक्त ८ टक्क्यांना. बायका एकूण चाळीसच्या आसपास, त्यामुळे या आकड्यांवर फार उड्या मारू नयेत. पण २००६ मध्ये सिॲटलला पाळी गेलेल्या ११५ स्थूल स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला, त्याचंही बोट त्याच दिशेला आहे. शेवटच्या तीन महिन्यांत नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना सर्दीचा धोका व्यायाम करणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाला. वर्षाच्या शेवटी, हे ध्यानात ठेवा. आठ दिवस चालून काढ्यासारखा गुण येत नाही.

शरीरात घडतं काय? आपल्या रक्तात ‘नैसर्गिक मारक पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. विषाणू शिरलेली पेशी किंवा कर्करोगाकडे झुकलेली पेशी ओळखून ती संपवणं हे त्यांचं काम. यांतल्या पुष्कळ पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून, प्लीहेत वगैरे पडून असतात, मिरकरवाड्याच्या बंदरात नांगर टाकलेल्या होड्यांसारख्या. धाप लागेल असं चाललं की ॲड्रेनलिन वाढतं, रक्त जोरात वाहतं आणि या पेशी काही मिनिटांत रक्तात उतरतात. थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातली त्यांची संख्या उलट नेहमीपेक्षा खाली जाते. पूर्वी शास्त्रज्ञ म्हणायचे, ही प्रतिकारशक्ती घटल्याची खूण. आता बरेच जण म्हणतात, पेशी नाहीशा झाल्या नाहीत, त्या फुप्फुसं-आतड्यांकडे गस्तीला गेल्या. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. शिवाय आकुंचन पावणारे स्नायू काही रसायनं सोडतात, त्यांनी शरीरातली बारीक, सतत धुमसणारी सूज दबते.

बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक निरीक्षण मला विशेष वाटतं. फ्लूची लस टोचण्याच्या काही तास आधी दंडाला जड व्यायाम दिला, तर स्त्रियांच्या रक्तात प्रतिपिंडं अधिक तयार झाली. पुरुषांत तसं झालं नाही, त्यांच्यात फरक पडला तो पेशींच्या पातळीवर. म्हणजे पुरुषांवर प्रयोग करायचे आणि बायकांना त्याच हिशेबात धरायचं, हे इथे चालत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. ‘दिवसभर राबतेच की, आणखी व्यायाम कशाला?’ हे ऐकवणारा बहुधा आरामखुर्चीत असतो, तरी आक्षेप तपासू. इरलं डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलात दिवसभर लावणी करणाऱ्या बाईचे श्रम कुठल्याही जिमपेक्षा जास्त आहेत. पण त्यात कंबर एकाच कोनात वाकलेली, वेग मुकादमाचा, विसावा कमी आणि पोटात पेजेपलीकडे फारसं काही नाही. फुरसतीत स्वखुशीने केलेली हालचाल हृदयाला जपते, पण पोटापाण्यासाठीच्या जड श्रमांचा तसा लाभ दिसत नाही, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवून दिलंय. काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून गर सोलणारीचे फक्त हात चालतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये तर रहाट गेला, जातं गेलं, पाटा गेला, आणि ते गेले हे उत्तमच झालं. जात्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी ते स्वतः एकदा पहाटे ओढून बघावं. मात्र कष्ट गेल्यावर उरलेला वेळ बाईच्या वाट्याला आला नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने जी पाहणी छापली, तिच्यानुसार २०२२ साली भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया ५७ टक्के होत्या आणि पुरुष ४२ टक्के.

आणखी एक गोष्ट, जी व्यायामाचा प्रचार करणारे सोयीने गाळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपण धडधाकट म्हणतो त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी तशा नाहीत. जिना चढताना धाप लागते ती आळसाने नाही, लोहाच्या कमतरतेने. लोह कमी असेल तर रोगाशी लढणाऱ्या पेशीही अर्धपोटी राहतात. अशा बाईला पहाटे उपाशीपोटी पळवणं हा शहाणपणा नव्हे. आधी हिमोग्लोबिन तपासा. माशाचा मधला तुकडा तिच्या ताटात पडू द्या, ती सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या कालवणात भात कालवत असेल तर सगळंच फुकट.

दुसऱ्या टोकाला मैदानावरच्या मुली आहेत. रत्नागिरीत मुलींचा खो-खो चांगला रुजलाय. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. या मुलींना घाम गाळायला सांगावं लागत नाही. त्यांना सांगायचं ते वेगळं: खाणं कमी आणि सराव जास्त झाला की पाळी थांबते, आणि पाळी थांबलेल्या खेळाडूंत सर्दी-खोकल्याची तक्रार वाढते, लाळेतली संरक्षक प्रतिपिंडं कमी होतात, असं जपानमध्ये दिसून आलंय. कितीतरी मुली पाळी चुकली म्हणून सुटल्यासारख्या खूश होतात, प्रशिक्षक पुरुष असला तर त्याला सांगतही नाहीत. एखादी तरी प्रशिक्षिका प्रत्येक मैदानावर असायला हवी ती यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. चार महिन्यांच्या धुवाधार पावसात भाट्याला कोण जाणार? पडवी आहे, सूर्यनमस्कार आहेत, पाण्याने भरलेल्या दोन कळश्या आहेत. जागा कधीच अडत नाही. अडतो तो सकाळचा डबा, आणि तो दुसऱ्या कुणी भरायला काही हरकत नाही.

खो-खो खेळणारी मुलगी विशी-बाविशी ओलांडते, लग्न ठरतं आणि मैदान सुटतं, हे आपण इतक्यांदा पाहिलंय की त्यात खटकण्यासारखं काही वाटेनासं झालंय. हल्ली बोलणीच्या बैठकीत मुलीचा बाप निदान एवढं विचारतो, की लग्नानंतर तिची नोकरी चालू राहील ना. त्याच बैठकीत, चहाचे कप खाली ठेवण्याआधी, तिची संध्याकाळची मैदानावरची वेळही त्याने विचारून घ्यावी, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारावं.