परमुलखातलं शिष्यत्व

परदेशात जाऊन काही महिने सेवा करून आलेला तरुण हमखास एक वाक्य म्हणतो: मी द्यायला गेलो होतो, पण मिळालंच जास्त. हे वाक्य खरं असतं, याबद्दल मला शंका नाही. मला प्रश्न पडतो तो पुढचा. मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं, आणि ते कोणी दिलं? अनुभव काही हवेतून येत नाही. कोणीतरी आपला वेळ, आपलं घर, आपलं शहाणपण त्या पाहुण्यापुढे ठेवलेलं असतं. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, या प्रश्नाचा विचार करायला मला फार योग्य जागा वाटते. दोनशे वर्षांच्या आत या कमी पावसाच्या, सतत दुष्काळ सोसणाऱ्या मुलखात सातासमुद्रापलीकडून माणसं येत राहिली. काही आली आणि गेली. काहींचं आयुष्य इथे पुरतं पालटलं. हा फरक कशामुळे पडला, ते पाहण्यासारखं आहे.

सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनची शिक्षिका म्हणून मुंबईत उतरल्या. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्यासाठी अविवाहित बाईने एकटीने जाणं हेच त्या काळी जवळजवळ न ऐकलेलं होतं. मुलींच्या शाळा चालवणं हे त्यांचं काम. प्रकृती बिघडल्यामुळे १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या, या वेळी नगरला, आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो उघड होता, आणि त्याबद्दल आडपडदा ठेवायचं कारण नाही. पण इथल्या माणसांनी त्यांच्याकडून काय उचललं ते पाहा. जोतीराव फुले मित्राबरोबर नगरला गेले, मिस फरारच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, तिथली शिकवण्याची पद्धत त्यांच्या मनात भरली, आणि त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. परक्या बाईच्या शाळेतून धर्म न घेता शाळा घेणं, हे इथल्या माणसांचं कर्तृत्व. आणि दोन तपं याच गावात मराठी बोलत, मराठी मुलींना शिकवत राहणं, हे त्या बाईंचं.

परत येणं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्यांदा माणूस उत्साहाने जातो, कुतूहलाने जातो, कधी घरच्या आयुष्याला कंटाळूनही जातो. दुसऱ्यांदा जाताना मात्र त्याला ठाऊक असतं की तिथे उन्हाळा कसा असतो, आपल्या कामाचं फळ किती कमी दिसतं आणि माणसं आपल्यावाचूनही जगतात. एवढं समजूनही जो परततो, त्याच्या बाबतीत सेवेने आयुष्य घडवलं असं म्हणायला जागा आहे.

हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले. स्वातंत्र्याचं दुसरं वर्ष. गोरे लोक बोटीने परत जात होते आणि हे इकडे येत होते. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांमध्ये त्यांनी कित्येक दशकं काढली. १९७२ चा दुष्काळ त्यांनी याच लोकांबरोबर पाहिला. उपाशी माणसाच्या हातावर धान्य ठेवणं गरजेचं असतंच, पण धान्य वाटून डोंगर हिरवा होत नाही, ही गोष्ट या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला फार दिवस चुकवता येत नाही. १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि १९९३ मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली, हे या राहण्याचं फळ होतं.

या कार्यक्रमाची रीत नीट पाहिली पाहिजे, कारण माझं म्हणणं तिच्यात आहे. पैसा जर्मनीचा होता, वाटप नाबार्डसारख्या संस्थेमार्फत होतं. तरी गावाने मागितलं आणि निधी आला, असं होत नसे. गावाने आधी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, श्रमदान करायचं, पाणलोट समिती निवडायची. मग शिवाराच्या एका तुकड्यावर काम करून दाखवायचं: माथ्यापासून पायथ्याकडे येत समतल चर खणायचे, बांध घालायचे, रोपं लावायची. हा तुकडा जमला की पुढे पूर्ण पाणलोटाचं काम. चराईबंदी म्हणजे काय हे शहरातून समजत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, त्याला सांगायचं की डोंगरावर शेळ्या सोडू नकोस. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावात हा प्रश्न भाषणाने सुटणारा नव्हता. त्यासाठी ग्रामसभेत रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं, मेंढपाळाचा राग ऐकून घ्यावा लागतो, चाऱ्याची दुसरी सोय शोधावी लागते. परदेशातून आलेला माणूस तिथे दाता म्हणून बसला तर सभा मान डोलावून उठते आणि सकाळी शेळ्या डोंगरावर जातात. तो गावकऱ्यांकडून डोंगर शिकून घेणारा म्हणून बसला, तरच बोलणं पुढे जातं. बाखर २०२१ मध्ये वारले. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगरच्या माळरानाने घडवला आणि त्यांच्या हातून त्या माळरानाचा काही भाग घडला. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे सांगणं अवघड आहे.

याच जिल्ह्यातल्या जामखेडची गोष्ट याहून वेगळी, आणि मला वाटतं या विषयात सगळ्यात महत्त्वाची. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच. पत्नी मेबल आणि ते, दोघं वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काम केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की बरा करून पाठवलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो. मग ते अमेरिकेत गेले, तिथे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला आले. म्हणजे परदेशाने त्यांनाही काही दिलं होतं. ते घेऊन त्यांनी केलं काय, तर खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्या वेळी या भागात जन्मलेल्या हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत दगावत. त्यातली कितीतरी जुलाबाने, धनुर्वाताने, म्हणजे पाणी, मीठ, साखर आणि एक स्वच्छ ब्लेड यांनी टळू शकणाऱ्या मरणाने.

पुढे जामखेडचं नाव झालं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, स्वयंसेवक जामखेडला येऊ लागले, अजून येतात. आणि इथे त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये कोण असतं? याच सेविका. मोठ्या विद्यापीठात शरीरशास्त्र पाठ केलेली मुलगी समोर बसते आणि कधी शाळेची पायरी न चढलेली बाई तिला सांगते की गरोदर बाईला ‘जेवलीस का’ विचारू नकोस, ती ‘हो’च म्हणेल, ‘काल रात्री तुझ्या ताटात काय उरलं होतं’ ते विचार. सासू घरात असेल तर आधी सासूशी बोल. औषध नंतर. वैद्यकाच्या पुस्तकात हे प्रकरण नसतं. एखाद्या गावात पोट तपासताना सेविका त्या मुलीचा हात धरून बाळाचं डोकं कुठे आहे ते दाखवते, तेव्हा कोण कोणाला मदत करतंय, हा प्रश्न आपोआप मिटतो.

सेवेने माणूस बदलतो तो अशा क्षणी, अशी माझी खात्री आहे. गरिबी पाहिल्याने माणूस हळहळतो, आपल्या घरच्या सुखांची त्याला जाणीव होते, आणि ही जाणीव परतल्यावर काही महिन्यांत विरते. पण आपण ज्यांना मदत करायला आलो त्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांनी आपली चूक दाखवली आणि ती खरंच चूक होती, हे ज्याने एकदा सोसलं, त्याचं पुढचं वागणं बदलतं. तो डॉक्टर असेल तर रोग्याचं बोलणं मधेच तोडत नाही. अधिकारी असेल तर ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांना आधी विचारतो. १९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. परदेशी तज्ज्ञांपुढे एक खेडूत बाई गुरूच्या नात्याने उभी राहिली. ती उभी राहू शकली कारण जामखेडने पाहुण्यांना अशा बाईकडून शिकण्याची सवय आधीच लावली होती.

आपली माणसंही अशी गेली आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत यायला ते कारण पुरेसं होतं. ते थांबले. चिनी शिकले, त्या भाषेत शिकवू लागले, १९४१ च्या सुरुवातीला बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी ते वारले. हे पथक पाठवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते जवाहरलाल नेहरू त्या दिवशी नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. कोटणीसांनी चीनला काय दिलं याची मोजदाद चिनी लोक आजही करतात. मला त्यांची एक साधी गोष्ट मोठी वाटते: मुदत भरल्यावरही ते राहिले, आणि ज्यांच्यात राहिले त्यांच्या भाषेत राहिले.

आता याच्या शेजारी आजचं चित्र ठेवा. सेवेचा प्रवास हा एक धंदा झाला आहे. दोन-तीन आठवड्यांची सहल, त्यात अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर काही दिवस, शेवटी प्रमाणपत्र. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत पाहुण्यांच्या पैशापायी आईबाप हयात असलेली मुलंही अनाथाश्रमांत भरली गेली. ज्या मुलाला दर महिन्याला नवा ताई-दादा लळा लावतो आणि निघून जातो, त्या मुलाच्या जिवावर कोणाचं तरी आयुष्य ‘घडत’ असेल, तर त्या घडण्याची किंमत फार आहे. हे मी कठोरपणे म्हणते आणि म्हणायलाच हवं. सगळ्यांना अशी वर्षंच्या वर्षं काढता येणार नाहीत, हे उघड आहे. थोडा काळ वाईट असतो असंही नाही. जामखेडला काही आठवड्यांसाठी येऊन शहाणे होऊन गेलेले लोक आहेत. पण ते शिकायला आले होते, आणि तिथे शिकवणारी व्यवस्था भक्कम होती.

म्हणून माझं सांगणं दोघांना आहे. न्यू जर्सी, लंडन, मेलबर्नच्या मराठी घरांतून सुट्टीत मुलांना ‘आपल्याकडे’ सेवेला पाठवणाऱ्या आईवडिलांना: मुलाला मराठी बोलायला शिकवून पाठवा, महिन्याऐवजी जमल्यास वर्ष द्या, आणि तो तिथे काय शिकवणार हे विचारण्याआधी कोणाच्या हाताखाली शिकणार ते विचारा. आणि नगर जिल्ह्यातल्या, एकूण महाराष्ट्रातल्या संस्थांना: पाहुणा परदेशी आहे, देणगी आणतो आहे, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी मुलांसमोर उभं करू नका. आधी तुमच्या सर्वांत जुन्या कार्यकर्तीबरोबर वस्तीवर पायी फिरवा, आणि त्याला काम द्यायचं की नाही, हे तिला ठरवू द्या.