मागच्या खोलीतला दिवा

दुपारच्या चहाला अजून तासभर आहे. तेवढा वेळ पुरेल. माळ्यावरची पिशवी खाली काढा. फायबर आले, नवा डबा भिंतीवर लागला आणि जुना राउटर अडॅप्टरसकट या पिशवीत गेला. ओल्या फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसा, मग जरा वेळ तो नुसता हातात धरून बसा. किती वर्षे हा घरात रात्रंदिवस जागा होता, ते आठवा.

आता मोबाइल घेऊन घरभर सावकाश चाला. आमचे घर सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आहे. दिवाणखान्यात रेंज भरपूर, माजघरात अर्धी, आणि आईच्या खोलीचा उंबरठा ओलांडला की संपली. मध्ये दगडविटांची, मातीने भरलेली हातभर जाड भिंत आहे. तिला टेकून लोखंडी कपाट उभे आहे. त्या भिंतीला तळहात लावा. नेहमीच्या वायफायची एक लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरही नाही. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तिला शोषून घेते, लोखंड तिला परत पाठवते. दोष कोणाचाच नाही. या भिंतीने आजवर ऊन आणि आवाज अडवले, तशी ती लहरही अडवते.

म्हणून आई रोज रात्री स्टूल घेऊन बोळात बसायची आणि टोरांटोच्या नातीशी बोलायची. येणारेजाणारे तिला ओलांडून जायचे.

डोळे मिटा आणि कात्रजचा तलाव मनात आणा. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले आणि पेठांमधल्या हौदांत सोडले. हौदात पाणी तयार होत नसे, ते कात्रजचेच. पण घागर भरायला कोणाला कात्रजला जावे लागत नसे. मला या शहराच्या इतिहासातली सगळ्यात मायेची गोष्ट हीच वाटते. हातातला हा जुना डबाही आता हौद होणार आहे. नवे इंटरनेट तो आणणार नाही. आलेले इंटरनेट तो आईच्या उशाशी नेऊन ठेवेल.

डोळे उघडा. अडॅप्टर लावा. त्याच्यावरचे व्होल्ट राउटरवर लिहिल्याप्रमाणेच आहेत ना, ते आधी पाहा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरा. दिवे विझतील, पुन्हा लागतील. जुनी नावे, जुने पासवर्ड सगळे पुसले गेले. अजून त्याला नव्या डब्याशी जोडू नका, फक्त संगणकाला वायरने जोडा. खालच्या पट्टीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून त्याची पाने उघडा. पाने उघडायचा पासवर्ड लगेच बदला. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. नवा राउटर हा क्रमांक दुसऱ्या कोणाला वाटणार नाही, एवढी खात्री करा.

यानंतर डीएचसीपी नावाची ओळ येते. इथे थांबा.

घरात आलेल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एक क्रमांक लागतो. तो वाटण्याचे काम डीएचसीपीचे, म्हणजे घराच्या कारभाऱ्याचे. दोन कारभारी क्रमांक वाटू लागले की एकच क्रमांक दोघांना जातो, किंवा फोन भलत्याच दाराशी जाऊन उभा राहतो आणि सगळ्यांचेच अडते. म्हणून जुन्याने वाटप थांबवायचे. इतकी वर्षे घरातल्या प्रत्येक यंत्राला यानेच क्रमांक दिला, आणि आता एका खुणेने ते काम काढून घ्यायचे. माझे बोट त्या खुणेवर थोडे रेंगाळले होते. आईने कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या, ती संध्याकाळ मला आठवली. ओटीवर बसून तिने जुडग्यातली एकेक किल्ली ओळखून दाखवली, मग उठून रोजच्यासारखी आमटीला फोडणी दिली. तुमच्याही घरात असा दिवस येऊन गेला असेल. तो आठवा, मग डीएचसीपी बंद करा आणि बदल जतन करा.

वायफायचे नाव आणि पासवर्ड नव्या राउटरचेच ठेवा, म्हणजे फोनला घर एकच वाटेल. चॅनेल मात्र वेगळा द्या. नव्याला १ असेल तर जुन्याला ११.

मग वायर. आत आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. बाहेरचा खरखराट दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो, म्हणून हा पीळ. एक टोक नव्या राउटरच्या लॅन भोकात, दुसरे जुन्याच्याही लॅन भोकात. इंटरनेटसाठीचे वेगळ्या रंगाचे भोक रिकामेच राहू द्या.

प्रत्येक जुना डबा असा वाचवता येतो, असे मी म्हणणार नाही. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए २ नसेल, तर त्याला पुन्हा लावू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. वायरची भोके १०० मेगाबिटची असतील, तर फायबरचा पुरा वेग आत येणार नाही. पण नातीचा चेहरा दिसायला त्याहून कितीतरी कमी वेग लागतो.

आमचा राउटर आता आईच्या कोनाड्यात आहे, खाली सुपारीचे दोन डबे, वर तिचा चष्मा. परवा रात्री साडेदहाला तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दार आतून लावलेले होते.