सक्तीची एकादशी

जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दात रबरांनी बांधलेले. सिरिंजने ताक आणि गाळलेलं वरण. आत्या म्हणाली, “मौन नि उपास एकदमच घडतायत, केवढं पुण्य!” मला पटेना. व्रताला संकल्प लागतो. गांधीजी सोमवारी मौन पाळत, ते बोलता येत असताना. माझं मौन दातांवरच्या रबरांचं. मनुस्मृती मानसजपाला विधियज्ञाच्या हजारपट मानते. माझ्या मनात मात्र भजी तळली जात होती. शिवाय चिडचिड पाटीवर लिहून चालूच, मग मौन कसलं?

पण संमतीपत्रावर सही माझीच होती. शस्त्रक्रिया अपघातामुळे नव्हे, तर वरखालच्या दातांचा चावा जुळावा, (आणि खरं सांगायचं तर) हनुवटी सुधारावी म्हणून. म्हणजे संकल्प होता, फक्त काम्य, म्हणजे फळाच्या इच्छेने केलेल्या व्रताचा. बधिर ओठावरून ताक ओघळलं की आत्या पुसायची. तिला कसलंच फळ नको होतं.