रानबदकांचा धनी कोण?

दिवाळी सरून थंडी पडूं लागली म्हणजे सप्तशृंग गडाच्या पायथ्याकडील वणीच्या धरणांवर परमुलखाचीं बदकें उतरूं लागतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हीं सैबेरिया, मंगोलिया, तिबेट अशा मुलखांतून येतात. ज्याच्या चोंचीवर पिंवळा व तांबडा ठिपका असतो तें आपलें हळदीकुंकू बदक मात्र बाराही महिने येथेंच असतें.

अशाच दिवसांत मंडळींतील एका भावानें मला विचारिलें, “मास्तर, रविवारीं आपण कोंबडी कापतों तें पाप नाहीं, मग फांसा लावून दोन बदकें धरलीं तर तें पाप कसें? कोंबडीला धनी आहे, आपण तिचें मोल देतों. बदकाचा धनी कोण? ज्याला धनीच नाहीं तें घेतलें तर चोरी कोणाची झाली?”

प्रश्न पोरकट नव्हे. कायद्याकडे बोट दाखवून मला सुटतां आलें असतें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवानेही बंद झाले. पण त्याच्या मनांतील सल मला ठाऊक होता. साहेबलोक बंदुका घेऊन येत तेव्हां ती मौज ठरे. गरिबानें फांसा लावला कीं तो गुन्हा. हें म्हणणें खोटें नाहीं. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं भरतपुरास व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पांखरें पडलीं, व तो आंकडा तेथें दगडावर कोरला आहे. कोरविणाऱ्यांस त्यांत भूषण वाटलें, हें विशेष.

मीं त्याला गणनेचा अकरावा अध्याय काढून दाखविला. अरण्यांत देवानें लावे पाठविले ते खाण्यासाठींच पाठविले. परंतु लोक सारा दिवस, सारी रात्र व दुसराही दिवस ते गोळा करीत राहिले, आणि ज्यानें सर्वांत कमी जमविले त्याच्यापाशींही दहा होमर झाले. त्या लाव्यांनाही धनी नव्हता. तरी त्या जागेस हांवेच्या कबरा असें नांव पडलें.

“मास्तर, मी चार हजार मारीत नाहीं,” तो म्हणाला. “दोनच.”

हें दोनच फार फसवें आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५९ पासून पांखरांच्या पायांत कडीं अडकवून त्यांच्या वाटा शोधल्या. एकच थवा किती मुलखांच्या पाण्यांवर बसत बसत आपल्यापर्यंत येतो, हें अशानें कळूं लागलें. त्या प्रत्येक पाण्यावर कोणीतरी दोनच म्हणणारा बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे. दिंडोरी तालुक्यांतून वाहणारी कादवा निफाड तालुक्यांत गोदावरीस मिळते, तेथें नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें, आणि २०२० च्या आरंभीं रामसरच्या जागतिक यादींत महाराष्ट्रांतील पहिलें पाणथळ म्हणून त्याचें नांव जाहीर झालें. अशा ठिकाणीं हिंवाळ्यांत पांखरें मोजतात. पाऊस भरपूर झाला तर गांवोगांवचीं तळीं भरतात, पांखरें पांगतात आणि मोठ्या पाण्यावरचा आंकडा उतरतो. पाऊस हुकला तर लहान तळीं आटतात आणि सारीं एकाच पाण्यावर येऊन दाटतात. म्हणजे फांसेवाल्याच्या डोळ्यांपुढें जेव्हां बदकांचा सुकाळ दिसतो, तेव्हां बहुधा त्यांना दुसरें पाणी उरलेलें नसतें. आपण त्याला देवाची देणगी समजतों. ती त्या पांखरांची अडचण असते.

राहिला धन्याचा प्रश्न. वाटेंत पक्ष्याचें घरटें सांपडलें तर पिलें घ्यावीं पण आईस सोडावें, असें अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. शेजाऱ्याचा बैल चुकला तर त्याला धनी आहे, तो शोधीत येईल. वाटेवरच्या घरट्यासाठीं कोणी येणार नाहीं. म्हणूनच तेथें देव स्वतः बोलला, असें मला वाटतें. परका, पोरका व विधवा यांच्याविषयीं नियमशास्त्र इतक्या वेळां बोलतें, तेंही याच कारणानें. त्यांच्या वतीनें फिर्याद करणारा गांवांत कोणी नसतो. परमुलखाहून आलेलें बदक आपल्या पाण्यावर असाच परका आहे. कोंबडी मात्र आपण पोसतों, संध्याकाळीं खुराड्यांत मोजून घेतों, आणि एक कमी झाली तर त्याच रात्रीं कळतें.

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आणि घरीं लेंकरें उपाशी असलीं तर?”

तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, अवकाळी पावसानें त्या आठवड्यांत द्राक्षबागांची मजुरी बुडाली होती. मी मोशेचें शास्त्र सांगत बसलों होतों, आणि तो दुसरेंच कांहीं विचारीत होता. उपाशी लेंकरांच्या बापाला बदकाचा हिशेब विचारण्याआधीं मंडळीला तिच्या मूठधान्याचा हिशेब विचारला पाहिजे. त्या महिन्याचें धान्य माझ्याच घरीं पडून होतें. संध्याकाळीं त्याच्याकडे दोन पायल्या बाजरी पोंचविली. फांसा त्यानें मला दिला नाहीं, आणि मीं मागितलाही नाहीं.